पूर्वेला जात जात घरी

बुधवार, १५ जानेवारी २०२५. सातारा ते मुंबई

काल संक्रांत झाली. सामानात गूळपोळ्यांचा डबा, तिळाच्या वड्या आणि माझ्या पर्समध्ये एक लाल सुती दोरा. दोऱ्याचं आधी सांगते.

मी एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. नववीच्या वर्गात दरवर्षी भिंतीवर जगाचा नकाशा लावायचे आणि मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को विमान कुठून जाईल ते दाखवा म्हणायचे. मुलं पट्टी लावायची. आपल्याकडच्या नकाशात अमेरिका डाव्या हाताला, म्हणून पट्टी अरबस्तान, आफ्रिका, अटलांटिक अशी आडवी पडायची. मग पृथ्वीगोल टेबलावर यायचा. एकाने दोऱ्याचं टोक मुंबईवर धरायचं, दुसऱ्याने सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि ताणायचं. दोरा पट्टीच्या वाटेने जायचाच नाही. घसरत घसरत वर चढायचा: मध्य आशिया, सायबेरिया, ७६ अंश उत्तरेच्याही पलीकडे आर्क्टिक महासागर, मग अलास्का आणि तिथून खाली. पट्टीच्या रेषेने अंतर भरतं सुमारे १९,००० किलोमीटर, दोऱ्याने साडेतेरा हजार. ‘गोलावरचं कमीत कमी अंतर बृहत्‌वृत्तावरून मोजतात’ हे वाक्य सगळ्यांना पाठ असायचं. बृहत्‌वृत्त म्हणजे गोलाचे बरोबर दोन अर्धे भाग करणारं वर्तुळ. पण आपल्या बोटांतला दोरा सायबेरियाकडे निघालेला पाहिला की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा उठून पुढे यायची.

आमची लेक अलमीडाला राहते. सॅन फ्रान्सिस्कोच्या समोर, उपसागराच्या पलीकडच्या काठाला. जावयांनी तिकिटं काढताना फोन केला, “आई, दुबईवरून काढू का? दोन्ही वेळा एकच वाट, सोपं पडेल.” मी म्हटलं, जाताना हाँगकाँगवरून काढा आणि येताना लंडनवरून. हे पेपर वाचत होते, ते थांबले. “असं उलटसुलट कशाला?” उलटसुलट नव्हतंच ते. जाताना पूर्वेला, येतानाही पूर्वेलाच. जी पृथ्वी एवढी वर्षं टेबलावर फिरवली तिला एकदा अख्खा वळसा घालायचा होता. तिकीट थोडं महाग पडलं, वरचे पैसे मी माझ्या पेन्शनमधून दिले.

दोरा तोच, शाळेतला. ठरवलं की घर सोडल्यापासून परत येईपर्यंत जितक्या वेळा सूर्य उगवेल तितक्या गाठी मारायच्या. ढग असले तरी गाठ, डोळा लागला असला तरी गाठ. तारखा बघायच्या नाहीत, फक्त सूर्य मोजायचा.

दुपारी निघताना दूधवाल्याला रतीब थांबवायला सांगितलं. तोही माझाच विद्यार्थी. “उद्यापासून खाडे धरतो, बाई. आल्यावर आवाज द्या,” म्हणाला.

गुरुवार, १६ जानेवारी. मुंबई ते हाँगकाँग

सुमारे ४,३०० किलोमीटर, ५ तास २० मिनिटं.

विमान रात्री एक वाजून दहा मिनिटांनी उडालं. ह्यांनी पट्टा बांधला आणि झोपले. मी खिडकीला. खाली नागपूरच्या बाजूला कुठेतरी दिव्यांचे पुंजके दिसले, मग बंगालच्या उपसागराचा काळोख. पुढचं कळलं नाही.

जाग आली तेव्हा खिडकीच्या झडपेखालून नारिंगी रेघ आत आली होती. माझ्या घड्याळात पाच वाजायला आले होते. साताऱ्यात आत्ता मिट्ट काळोख असणार. पहिली गाठ मारली. आपण सूर्याच्या समोरून त्याच्याकडे निघालो की तो लवकर भेटतो. रेखावृत्ताच्या एका अंशाला चार मिनिटं. हे चार मिनिटांचं गणित मी फळ्यावर इतक्या वेळा मांडलंय की खडूचा आवाज ऐकू येतो. हाँगकाँग आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. उतरलो तेव्हा तिथे सकाळचे नऊ वाजले होते.

हाँगकाँगचा हा विमानतळ १९९८ साली सुरू झाला. बेट कापून आणि समुद्रात भर घालून जागा केलेली आहे. त्याआधीचा काई टाक विमानतळ भर वस्तीत होता. चार तास थांबायचं होतं. चहा घेतला, गूळपोळी खाल्ली. शेजारी नाशिकचा एक मुलगा बसला होता, सॅन होजेला नोकरीला. माझ्या हातातली वही बघून म्हणाला, “काकू, जाताना काही वाटत नाही. साडेअकरा-बारा तासांत पोचतो. येताना मात्र कंटाळा येतो, चौदा-पंधरा तास लागतात.”

हाँगकाँग आणि सॅन फ्रान्सिस्को, तीच दोन शहरं, तेच ११,१०० किलोमीटर. आणि एका बाजूने तीन तास जास्त. विमान कुठलंही घ्या, हिवाळ्यात हा फरक पडतोच. वहीत मी त्याचं वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं. वर्गात कुणी असं बोललं असतं तर तो अख्खा तास मी त्यावरच घेतला असता.

गुरुवार, १६ जानेवारी, पुन्हा. हाँगकाँग ते सॅन फ्रान्सिस्को

दुपारी बरोबर एक वाजता निघालो.

समोरच्या पडद्यावर नकाशा आणि आकडे दिसत होते. तैवान मागे पडलं तेव्हा जमिनीच्या हिशेबाने वेग ताशी ९८० किलोमीटर. जपानच्या दक्षिण किनाऱ्याजवळ आलो तसा तो १,०५०, १,११०, १,१६० असा चढत गेला. इंजिनाच्या आवाजात तसूभर फरक नव्हता. हवेतला विमानाचा वेग तोच, नऊशेच्या आसपास. हवाच धावत होती. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट प्रवाह हिवाळ्यात सगळ्यांत जोरात असतो तो इथे, जपानच्या डोक्यावर. उत्तरेला सायबेरियाची गोठलेली हवा, दक्षिणेला उबदार समुद्र. तापमानातली दरी जेवढी मोठी, तेवढा वरचा वारा वेगवान.

हा वारा ज्यांनी पहिल्यांदा नीट मोजला ते जपानीच होते. वासाबुरो ओइशी, तातेनो वेधशाळेचे प्रमुख. १९२०च्या दशकात ते फुगे सोडायचे आणि दुर्बिणीसारख्या यंत्रातून त्यांचा माग काढायचे. फुगा वर चढला की एका उंचीनंतर पूर्वेकडे भन्नाट पळत सुटायचा. जगाला कळावं म्हणून १९२६ साली त्यांनी आपला अहवाल एस्पेरान्तो भाषेत छापला, साऱ्या माणसांची एक भाषा व्हावी म्हणून घडवलेल्या भाषेत. ती भाषा वाचणारे हवामानशास्त्रज्ञ जगात कितीसे असणार? पुढे १९४४ साली अमेरिकेची बी-२९ बॉम्बफेकी विमानं जपानवर उंचावरून आली, तेव्हा हा वारा त्यांना नवाच होता. वाऱ्याने बॉम्ब भलतीकडे पडत होते.

तोपर्यंत जपानने त्याच वाऱ्यावर वेगळंच काही पाठवायला घेतलं होतं. नोव्हेंबर १९४४ ते एप्रिल १९४५ या काळात त्यांनी नऊ हजारांहून जास्त फुगे पूर्व किनाऱ्यावरून सोडले. प्रत्येकाखाली बॉम्ब टांगलेले. वारा त्यांना काही दिवसांत पॅसिफिक ओलांडून अमेरिकेत नेऊन सोडायचा. फुगे हातकागदाचे होते, आणि कागदाचे थर एकावर एक चिकटवायला शाळकरी मुली लावल्या होत्या. बहुतेक फुगे समुद्रात बुडाले. ५ मे १९४५ रोजी ऑरेगन राज्यातल्या ब्लाय गावाजवळच्या रानात सहलीला आलेल्या मुलांना एक फुगा पडलेला सापडला. स्फोटात पाच मुलं गेली आणि त्यांच्याबरोबर आलेली एक गरोदर बाई.

मी मुलींच्या शाळेतही काही वर्षं शिकवलं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुली खळीने माखलेल्या हातांनी कागद चिकटवतायत हे चित्र माझ्या डोळ्यांसमोर लगेच उभं राहतं. त्यांना कुणी वाऱ्याचा नकाशा दाखवला असेल का? खिडकीबाहेर सूर्य मावळत होता, अजून हाँगकाँगच्या घड्याळात चारही वाजले नव्हते, आणि आम्ही त्याच वाऱ्यावरून, त्याच वाटेने, गरम भात खात चाललो होतो. मला पुढचा घास जाईना. ह्यांनी विचारलं, “काय झालं?” सांगितलं. ते बराच वेळ पडद्याकडे बघत बसले, मग त्यांनी माझा ट्रे आपल्याकडे ओढून झाकून ठेवला.

माझा दोराही इथे अपुरा पडला, तेही सांगायला हवं. हाँगकाँग आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यामध्ये दोरा ताणला तर तो ५२ अंश उत्तरेपर्यंत, जवळजवळ अल्युशियन बेटांपर्यंत चढतो. आमचं विमान ४० अंशांच्या आसपासच राहिलं. काही शे किलोमीटर जास्त कापले, पण वाऱ्याच्या धारेत राहून वेळ वाचवला. दोऱ्याला अंतर कळतं, वारा कळत नाही. एवढी वर्षं मुलांना दोरा दाखवला तेव्हा हे दुसरं अर्ध मी सांगायला हवं होतं. पुस्तकात जेट प्रवाह वेगळ्या धड्यात होता आणि बृहत्‌वृत्त वेगळ्या. मीही ते वेगवेगळेच शिकवले.

रात्र झाली. पडद्यावरच्या नकाशात १८० अंशांची रेषा जवळ येत होती. आंतरराष्ट्रीय वाररेषा. पश्चिमेकडून पूर्वेकडे ओलांडली तर तोच वार पुन्हा धरा, पूर्वेकडून पश्चिमेकडे ओलांडली तर एक वार सोडून द्या. परीक्षेत दर वर्षी येणारा प्रश्न, आणि दर वर्षी अर्धा वर्ग उलटं लिहायचा. मी त्यांना एक युक्ती सांगायचे आणि तेवढ्यावर भागायचं. आता ती रेषा खाली होती, म्हणजे नव्हतीच. काळं पाणी होतं. विमानात दिवे मंद होते, सगळे झोपलेले. ती ओलांडताना मी जागी होते, एवढं मला पुरे आहे.

रात्र साडेसात तासांत संपली. जानेवारीत ४० अक्षांशावरची रात्र चौदा तासांच्या वर असते. तिथे पृथ्वी स्वतः ताशी सुमारे १,२८० किलोमीटरने पूर्वेकडे फिरते, विमानही त्याच दिशेला हजाराच्या पुढच्या वेगाने. दोघं मिळून आम्हाला अंधारातून जवळजवळ दुप्पट वेगाने बाहेर काढत होते. किनाऱ्याला पोचायला तासभर असताना क्षितिज फुटलं, आधी राखाडी, मग एकदम केशरी. दुसरी गाठ. एकाच गुरुवारच्या दोन गाठी.

चाकं टेकली तेव्हा स्थानिक वेळ सकाळी ८ वाजून २५ मिनिटं. प्रवास ११ तास २५ मिनिटांचा. दुपारी एकला निघालो होतो आणि त्याच दिवशीच्या सकाळी पोचलो. लेक बाहेर उभी होती. “आई, थकलीस का गं?” म्हणाली. मी आधी तिला तारीख विचारली.

१७ ते ३१ जानेवारी. अलमीडा

पहिले आठ-नऊ दिवस झोपेने हाल केले. इथली वेळ आपल्या साडेतेरा तास मागे, म्हणजे शरीराला दिवसाची रात्र आणि रात्रीचा दिवस. रात्री दोनला दोघंही टक्क जागे. ओट्याजवळ दबक्या आवाजात चहा करायचा आणि साताऱ्याला जाऊबाईंना फोन लावायचा, तिकडे दुपारचे साडेतीन. माणसाच्या आतलं घड्याळ चोवीस तासांपेक्षा थोडं लांब चालतं, म्हणून दिवस ताणला तर ते सोसतं, आखडला की कुरकुरतं. पूर्वेकडचा प्रवास दिवस आखडत नेतो. शरीराची ही तक्रार मी रोज अनुभवली, पण त्यामुळे एक झालं: सूर्योदय एकही चुकला नाही. अलमीडाच्या टेकड्यांकडच्या बाजूने, ओकलंडच्या वरून तो यायचा. काही दिवस नुसतं धुकं उजळायचं. गाठ मारायचे.

बाकी दिवस लेकीच्या घरात जसे जातात तसे गेले. नातीची शाळा, भाजी, गोल्डन गेट पूल, एक दिवस समुद्रकिनारा. ते सगळं फोटोत आहे.

एक दिवस मात्र लिहायला हवा. अलमीडाच्या पश्चिम टोकाला जुना नौदलाचा विमानतळ आहे. तिथे आम्ही पायी गेलो. २२ नोव्हेंबर १९३५ रोजी इथल्याच पाण्यावरून ‘चायना क्लिपर’ हे पाण्यावर उतरणारं विमान उडालं. पॅन अमेरिकन कंपनीचं, चार इंजिनांचं. आत प्रवासी नव्हते, एक लाखाहून जास्त पत्रं होती. पॅसिफिक ओलांडणारी ती पहिली नियमित हवाई टपाल. वैमानिक एड म्युझिक, दिशा दाखवणारे फ्रेड नूनन. समोरचा बे ब्रिज तेव्हा बांधून व्हायचा होता. विमान इतकं जड भरलं होतं की वर चढेना, म्हणून म्युझिक यांनी ते पुलाच्या लोंबत्या तारांखालून काढलं. मग होनोलुलू, मिडवे, वेक, ग्वाम आणि २९ नोव्हेंबरला मनिला. हवेत सुमारे साठ तास, मुक्कामांसह आठवडा. दीड वर्षाने, १९३७च्या एप्रिलमध्ये, हीच वाट मनिलाहून हाँगकाँगपर्यंत वाढली.

म्हणजे आम्ही साडेअकरा तासांत आलो ती दोन शहरं जोडायला तेव्हा बेटामागून बेट धरत, रात्री मुक्काम करत जावं लागे. वेक बेटावर गोडं पाणीसुद्धा नाही. तिथे आधी जहाजाने माणसं नेली, धक्का बांधला, पाणी साठवायची सोय केली, खडकाळ पोवळ्यांतून विमान उतरायला वाट फोडली, तेव्हा कुठे नकाशावर एक ठिपका उभा राहिला. नूनन ताऱ्यांवरून जागा काढायचे. पुढे जुलै १९३७ मध्ये वैमानिक अमेलिया इअरहार्ट यांच्याबरोबर पॅसिफिकमध्येच एक छोटं बेट शोधताना ते नाहीसे झाले. मी त्या पाण्याच्या काठावर बराच वेळ उभी होते. समोर सॅन फ्रान्सिस्कोच्या इमारती, डोक्यावरून दर दोन मिनिटांना एक विमान. आपण तिकिटावर ‘११ तास’ वाचतो, तेव्हा त्या आकड्यात ही माणसं असतात.

संध्याकाळी नातीने माझ्या दोऱ्याच्या गाठी मोजल्या आणि विचारलं हे काय आहे. ती तिसरीत आहे. मी फळीवरून एक संत्रं घेतलं आणि त्यात चार लवंगा टोचल्या: मुंबई, हाँगकाँग, सॅन फ्रान्सिस्को, लंडन. एका लवंगेपासून पुढच्या लवंगेपर्यंत पूर्वेला गेलं की सूर्य किती तास आधी भेटतो ते तिने कागदावर लिहिलं. मुंबई ते हाँगकाँग अडीच तास. हाँगकाँग ते सॅन फ्रान्सिस्को आठ. घड्याळ सोळा तास मागे जातं हे खरं, पण ती वाररेषेने केलेली वजाबाकी; सूर्याच्या हिशेबाने आम्ही आठ तास पुढेच सरकलो होतो. सॅन फ्रान्सिस्को ते लंडन पुन्हा आठ. लंडन ते मुंबई साडेपाच. तिने बेरीज केली. बोटांवर एकदा, मग पेन्सिलीने एकदा. चोवीस.

“हे मुद्दाम जुळवलंस का आजी?”

जुळवलेलं नाही. चार काय, चाळीस ठिकाणी थांबलो असतो तरी पुरा वळसा घातल्यावर बेरीज चोवीसच आली असती. प्रत्येक टप्प्यावर आपला दिवस थोडा तोकडा होतो आणि ते तुकडे साठत जातात. तिला मी पृथ्वीला पहिला वळसा घालणाऱ्या मॅगेलनच्या जहाजांच्या तांड्यातल्या, रोजनिशी लिहिणाऱ्या पिगाफेट्टाची गोष्ट सांगितली. ते लोक सतत पश्चिमेला गेले होते. तीन वर्षांनी, १५२२च्या जुलैमध्ये, परतीच्या वाटेवर केप व्हर्दे बेटांवर माणसं उतरवली आणि वार विचारला. किनाऱ्यावरचे म्हणाले गुरुवार. जहाजावरच्या नोंदीत बुधवार. पिगाफेट्टाने एकही दिवस न चुकवता रोज लिहिलं होतं, तरी एक दिवस कमी. पश्चिमेला जाताना त्यांचा प्रत्येक दिवस जरासा ताणला गेला होता.

“मग तुझं उलटं होणार,” नात म्हणाली. नववीचा अर्धा वर्ग जिथे चुकायचा तिथे ही तिसरीतली मुलगी बरोबर निघाली. मला तिला उचलून घ्यावंसं वाटलं, पण आता ती जड झालीय. संत्रं आम्ही वाटून खाल्लं. त्याला लवंगेचा वास होता.

शनिवार, १ फेब्रुवारी. सॅन फ्रान्सिस्को ते लंडन

८,६०० किलोमीटर, १० तास.

सकाळी गाठ मारली, सामान बांधलं. लेकीने डब्यात मेथीचे पराठे दिले. विमानतळावर तिने मिठी मारली ती सोडेना. त्याबद्दल मी लिहीत नाही.

दुपारी साडेचारला उडालो. खाडी, पूल, अलमीडाचं टोक, सगळं एकदा दिसलं. नेवाडाच्या वाळवंटावरच सूर्य मावळला. पुढची वाट दोऱ्याने सांगितलेलीच: कॅनडा, हडसनचा उपसागर, ग्रीनलंडचा दक्षिण भाग, ६४-६५ अंश उत्तर. भिंतीवरच्या नकाशात सॅन फ्रान्सिस्कोहून लंडनला जाताना कुणी ग्रीनलंडकडे बघणारही नाही. इथला वाराही पूर्वेचाच प्रवासी. मागच्याच वर्षी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जेट प्रवाह इतका जोरात होता की वॉशिंग्टनहून लंडनला निघालेल्या एका विमानाचा जमिनीच्या हिशेबाने वेग ताशी जवळजवळ १,३०० किलोमीटर झाला होता. आमचा १,०५०च्या पुढे गेला नाही. मी ग्रीनलंडचं बर्फ दिसेल म्हणून कपाळ काचेला टेकून बसले. काळोखच होता.

रविवार, २ फेब्रुवारी. लंडन, आणि तिथून मुंबई

स्कॉटलंडच्या पश्चिमेला समुद्रावर सूर्य उगवला. पुन्हा साडेसात तासांचीच रात्र. ह्यांनी स्वतःहून मला हलवलं, “गाठ मारायची ना?” साडेदहाला लंडन. बाहेर पडायला वेळ नव्हता, तीन तासांपेक्षा कमी होते आणि त्यातला एक तास एका लांबलचक तपासणीच्या रांगेत गेला.

लंडन ते मुंबई ७,२०० किलोमीटर, ८ तास ५५ मिनिटं. या टप्प्यावर दोरा पुन्हा फसतो, पण यावेळी वाऱ्यामुळे नाही. युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे. पडद्यावर आमची रेषा खाली वळून तुर्कस्तानावरून चालली होती. आमच्या डाव्या हाताला, काळ्या समुद्राच्या पलीकडे, एवढा मोठा देश आणि त्याच्यावर एकही विमान नाही. नकाशाच्या त्या भागाकडे मी परत परत बघत होते. अंतरं फक्त डोंगर-समुद्रांनी वाढत नाहीत हे वर्गात शिकवताना मी पनामा आणि सुएझचं उदाहरण द्यायचे. आता हे देईन, कुणी बोलावलं तर.

सोमवार, ३ फेब्रुवारी. मुंबई ते सातारा

पहाटे पावणेचारला उतरलो. बाहेर पडताच हवेला आपला दमट वास. गाडी बोलावून ठेवली होती. पाचला निघालो.

गाडीत बेरीज केली. ४,३०० आणि ११,१०० आणि ८,६०० आणि ७,२०० म्हणजे ३१,२०० किलोमीटर. विमानात काढलेले तास ३५ आणि वर ४० मिनिटं. विषुववृत्तावरचा पृथ्वीचा घेर ४०,०७५ भरतो. आम्ही वरच्या अक्षांशांवरून फिरलो म्हणून वळसा आखूड. तरी प्रत्येक रेखावृत्त ओलांडलं, एकही सोडलं नाही.

खोपोलीच्या पुढे बोरघाट चढताना सूर्य वर आला. ड्रायव्हरला म्हटलं, जरा कडेला घ्या. तो म्हणाला, “इथं थांबता येत नाही, मावशी.” मग चालत्या गाडीतच शेवटची गाठ मारली. घाटाच्या वळणांवर दोरा दोनदा हातातून निसटला.

अकराला घरी पोचलो. जाऊबाईंनी पिठलं-भाकरी केली होती. दुपारभर झोपले ती संध्याकाळी दारावरच्या हाकेनेच उठले. दूधवाला किटली घेऊन उभा होता, हातात त्याची ती लांबोडकी वही.

“आल्या का बाई? गुरुवारपासून आज सकाळपर्यंत एकोणीस खाडे झाले. उद्यापासून दूध चालू करतो.”

मी पर्समधून दोरा काढून त्याच्या हातात दिला आणि गाठी मोजायला सांगितल्या. त्याने किटली खाली ठेवली. अंगठ्याने एक एक गाठ सरकवत तो मोजत गेला. वीस आल्या. त्याने वही उघडून आपल्या खुणा पाहिल्या, आणि दोरा पुन्हा पहिल्या टोकापासून मोजायला घेतला.